नावाड्याची चार हजार वाक्यं

८ जानेवारी

भाऊजींनी आज ही वही आणून माझ्या टेबलावर आपटली. म्हणाले, "वहिनी, जे ठरेल ते यात लिहून ठेवत जा. दर सोमवारी तुम्ही तोच वाद नव्याने उकरून काढता आणि मीही मूर्खासारखा भांडत बसतो." मी म्हटलं, मी काही विसरत नाही, तुम्ही आधी चहाचे कप विसळायला शिका. पण वही जाड कागदाची आहे, चांगली आहे. वाया कशाला घालवायची.

तर आहे ते असं. मी आणि माझे धाकटे दीर मिळून एक कॉम्प्युटर गेम बनवतोय. मी लिहिते, ते प्रोग्रॅमिंग करतात आणि चित्रंही तेच काढतात. इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या. खेळणाऱ्याने एका माणसाची भूमिका घ्यायची. नदीकाठच्या एका गावात तो पाणी मोजायच्या नोकरीवर येतो, घरोघरी फिरतो, लोकांशी बोलतो, त्यांची अडलेली कामं करतो आणि शेवटी पूर येतो. मारामारी नाही, राक्षस नाहीत. गावाचा नकाशा, त्यातली बेचाळीस घरं आणि पाणी कसं चढेल त्याचे नियम ह्यांनी वहीत आखून ठेवले होते. ह्यांची नोकरीच ती, रोज सकाळी पुलाखाली जायचं आणि नदीची पातळी लिहून आणायची. हे जाऊन अडीच वर्षं झाली. छापखान्यातली मुद्रितं तपासायची नोकरी सोडून मी हा खेळ पुरा करायला घेतला, त्याला दोन.

साठवलेले पैसे मार्चअखेर संपतात. भाऊजींना एका मोठ्या कंपनीचं पत्र आलंय, एकतीस मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचं. तोवर सोय झाली नाही तर ते जाणार आणि खेळ इथेच राहणार. गुरुवारी एक गुंतवणूकवाल्या बाई खेळ बघायला येतायत. त्यांच्याशी मी नीट बोलायचं, असं ठरलं. हे लिहिलं बघा.

११ जानेवारी

बाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, केस बारीक कापलेले, हातात ना कागद ना पेन. आल्या आल्या तिसऱ्या खुर्चीवरचे माझे कागद उचलून जमिनीवर ठेवले आणि बसल्या. भाऊजी घाईघाईने म्हणाले, माझ्या खुर्चीवर बसा ना. तर म्हणे, इथे बरं आहे. मी जीभ आवरली, ठरलं होतं म्हणून.

दोन तास खेळल्या. खालून इस्त्री आदळल्याचा आवाज तेवढा येत होता. घाटावर नावाडी भेटला तेव्हा मात्र हसल्या. हा नावाडी ह्यांच्या वहीत नाही बरं का, तो मी माझ्या डोक्यातून काढलाय. त्याला काहीही विचारा, तो आधी कान खाजवतो, "बघू" म्हणतो आणि मग बोलायला लागला की थांबत नाही. नदीवर बोलतो, चपलांवर बोलतो, चहात साखर आधी घालावी की नंतर त्यावर बोलतो.

खेळून झाल्यावर बाईंनी विचारलं, "या नावाड्याला वाक्यं किती?"

"चार हजार एकशे," भाऊजी म्हणाले.

"आणि उरलेल्या सगळ्या गावाला?"

"नऊशे."

मग बाईंनी अटी सांगितल्या. पैसे त्या देणार. नोव्हेंबरात खेळ बाजारात आला पाहिजे, नफ्यात चाळीस टक्के त्यांचे, आणि नावाडी कापून पाव करायचा. "आणखी एक," त्या उठताना म्हणाल्या, "पूर येतो त्या दिवशी नावाडी कुठे असतो? तुमच्या यादीत त्याचं शेवटचं पान कोरं दिसलं."

मी म्हटलं, लिहायचंय.

त्या गेल्यावर मी कागद उचलून परत खुर्चीवर ठेवले.

१२ जानेवारी

नाही म्हणून कळवलं. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं, पण मी बधले नाही. आज नावाडी कापा म्हणतात, उद्या म्हणतील पूर कशाला, परवा राक्षस घाला म्हणतील. पैसे देणाऱ्याच्या ताटाखालचं मांजर व्हायला मी छापखाना सोडलेला नाही.

"टक्क्यांवरून नाही म्हणताय की नावाड्यावरून?" भाऊजींनी विचारलं.

"तत्त्वावरून," मी म्हटलं.

ते नाक शिंकरत जिन्यात जाऊन उभे राहिले. हल्ली नावाड्याचा विषय निघाला किंवा त्याचा भाग तपासायला घेतला की भाऊजींना सर्दी होते. खालच्या वाफेचा त्रास असणार. खिडकीला जाळी बसवून घ्यायला हवी.

२२ जानेवारी

दुसरा मार्ग मीच शोधला. लोकवर्गणी. एका वेबसाइटवर आपला खेळ मांडायचा, आवडला त्यांनी थोडेथोडे पैसे द्यायचे. तीस दिवसांत ठरवलेला आकडा गाठला तर सगळे मिळतात, नाही गाठला तर ज्याचे त्याला परत. आमच्या आकड्यात आठ महिने निघतात. मालक कुणी नाही, अट कुणाची नाही.

वर्गणीदारांना बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. कमी देणाऱ्याला खेळ, थोडं जास्त देणाऱ्याला नकाशाची छापील प्रत. सगळ्यात वरचं बक्षीस मी काढलं, 'गावात तुमचं माणूस'. एका माणसाबद्दल आम्हाला लिहून पाठवा. तो आमच्या गावात राहायला येईल आणि किमान वीस वाक्यं बोलेल. भाऊजी म्हणाले, कल्पना झकास आहे, पण हे किती जणांना द्यायचं त्या मर्यादेचा चौकोन फॉर्मवर आहे, त्यात किती टाकू? मी म्हटलं, राहू द्या कोरा. एवढे पैसे देऊन कोण डोंबलाचं घेणार, आले तर चार हौशी लोक येतील, स्वतःला गावचा पाटील करा म्हणून.

४ फेब्रुवारी

तीन दिवसांत अकरा वर्गणीदार. त्यात एक माझी जाऊ, एक तिच्या दवाखान्यातली मैत्रीण आणि एक खालचा इस्त्रीवाला. त्याच्याकडे कॉम्प्युटरसुद्धा नाही. म्हणाला, वर दिवसभर भांडता ते कशावरून, बघायचंय एकदा.

भाऊजी दर दहा मिनिटांनी आकडा बघतात आणि मला सांगत नाहीत. मीही बघते आणि त्यांना सांगत नाही.

१७ फेब्रुवारी

कुणीतरी आमच्याबद्दल कुठेतरी लिहिलं म्हणे. सकाळपासून आकडा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही. बहुतेक सगळे सगळ्यात वरचं बक्षीस घेतायत. भाऊजी खोलीत नाचले. तेहतिशीचा बाप्या, पण नाचला. मी बाईंना मनातल्या मनात चार टोले हाणून घेतले.

४ मार्च

आकडा गाठला. मुदत संपली, पैसे आपले.

आणि 'गावात तुमचं माणूस' घेणारे दोनशे बारा.

कोरा चौकोन अंगाशी आला. दोनशे बारा जणांना वीस वीस वाक्यं म्हणजे चार हजार दोनशे चाळीस. तेवढंच लिहायला, म्हणजे एक नावाडी लिहायला, मला दोन वर्षं लागली. पैसे आठ महिन्यांचे. भाऊजींनी कागदावर हिशोब मांडला, माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात अठरा वर्षं घालवली मी, आणि स्वतःची ही एवढी मोठी दिसली नाही.

दुपारी बाईंचा फोन. अभिनंदन केलं, खोचक वाटलं नाही. म्हणाल्या, "माझी एक अट तुम्हाला जड झाली. आता दोनशे बारा लोकांच्या सांभाळा. नाहीच जमलं तर माझा शब्द अजून आहे, त्याच अटींवर."

८ मार्च

फॉर्म उघडून वाचायला घेतले. मला वाटलं होतं, लोक स्वतःला पाठवतील. गंमत करतील, मिशा लावा म्हणतील.

आतापर्यंत वाचलेल्यांत स्वतःला पाठवणारे नऊ. बाकी सगळी गेलेली माणसं.

आई. मोठी मावशी, रेडिओला उत्तरं द्यायची. शाळेतला मित्र, सातवीत बुडाला. बहुतेक वडील. एकाने लिहिलंय, "आजोबा फार बोलायचे नाहीत, वीस वाक्यं जास्त होतील, बारा चालतील." आणि हे सगळं आम्ही अशा गावात राहायला बोलावलंय जिथे शेवटी पूर येतो. ह्यांच्या नियमांप्रमाणे बेचाळीसपैकी एकतीस घरं जातात.

माझं डोकं फिरलं. भाऊजींना म्हटलं, हा काय प्रकार आहे, आपण खेळ बनवतोय की स्मशान. लोकांनी आपली गेलेली माणसं धरून कशाला बसावं, सोडायला नको का कधी?

भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझ्या नाकाला शाई लागलीय. मग सर्दी झाली म्हणून जिन्यात गेले.

१३ मार्च

पुराचं काय करायचं ते एकेकाला विचारून घ्यावं म्हणून फोन सुरू केले. सत्तेचाळीस नंबरवर एक शिंपीणबाई आहेत. नवऱ्याला पाठवलंय. दोघं मिळून दुकान चालवायचे, तो बेतायचा, या शिवायच्या. बंद करताना तो कुलूप दोनदा ओढून बघायचा, तेवढं घाला म्हणाल्या.

मी विचारलं, "पुरात त्यांना वाचवू का?"

"मला कुठे खेळता येतंय, नात खेळेल," त्या म्हणाल्या. "वाचवा न वाचवा, पण अधांतरी नका ठेवू. ते गेले तेव्हा कुणाचा तरी कोट बेतून ठेवलेला, कात्री मारलेली. मी तो तसाच फळीवर ठेवला. सहा वर्षं. वाटलं, त्यांच्या हातचा आहे, असू दे. तर कापलेलं कापड शिवलं नाही की कडेने सुटत जातं हो. एक दिवस काढून बघते तर खांद्याला धड दोन बोटं उरलं नव्हतं. रडत रडत शिवला. लहान मुलाचा झाला, पण झाला."

एका साध्या प्रश्नाला एवढं मोठं उत्तर. माणसं एकटी पडली की बोलत सुटतात. त्यांच्या नावापुढे 'वाचवा' की 'नको' काय लिहायचं, ते शेवटी कळलंच नाही. दिवसभर त्या कोटाचं डोक्यातून जात नव्हतं मात्र.

१९ मार्च

आज भाऊजींशी कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, बाईंकडे जाऊ या परत, त्यांच्या पैशात आणखी एक वर्ष निघेल, नोव्हेंबरची मुदत वाढवा आणि नावाडी कापू नका, एवढं त्यांना पटवू. ते म्हणाले, आणखी एक वर्ष कशाला?

"कशाला म्हणजे? खेळ पुरा करायला."

"वहिनी, मी पैशांसाठी नाही जाणार," ते म्हणाले, अगदी हळू. "आठ महिन्यांत संपणार असेल तर आठ महिने मी काढतो. घरी बोललोय मी. पण तुम्हाला हा खेळ संपवायचाय का, तेवढं एकदा खरं सांगा. गेल्या वर्षी नावाड्याचं शेवटचं पान तुम्ही या आठवड्यात लिहिते असं सतरा वेळा म्हणालात. मी मोजलंय."

मला इतका राग आला की मी पर्स उचलून घरी आले. मोजतात कसले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. घरी येऊन नावाड्याला चपलेवर आणखी सहा वाक्यं लिहिली.

२४ मार्च

भाऊजींशी बोलणं कामापुरतंच. दोनशे अकरा फॉर्म वाचून झाले. शेवटचा आज उघडला, मुदत संपायच्या तासात आलेला.

'कोण: माझा दादा. काम: नदीचं पाणी मोजणं.'

पुढे वीस वाक्यं स्वतःच लिहून पाठवली होती, आम्हाला त्रास नको म्हणून. 

"चल, सीट धरलीय मी, तू पायडल मार." 

"सोडली कधीच. एकटाच चालवतोयस तू." 

"रडू नको, आईला मी सांगतो." 

"पत्ते पिसताना बघू नको, मी लबाडी करणार आहे." 

"माझा शर्ट घालून जा, पण शाई सांडलीस तर तंगडं मोडीन."

वीसही वाचली. एकातही "बघू" नाही.

मी भाऊजींच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "तुम्ही पैसे भरलेत? आपल्याच खेळाला? मागितलं असतं तर मी दिली नसती का जागा?"

ते स्क्रीनकडेच बघत होते. म्हणाले, "तुमच्या नावाड्यात मी दादाला खूप शोधलं. दोन वर्षं रोज तपासतोय ना. सगळं बरोबर आहे, कान खाजवणं, चहा, चपला. पण तो तुमचा आहे, वहिनी. माझ्याशी तो तसा बोलायचाच नाही. गावात इतकी घरं आहेत, मला माझा दादा कुठे भेटेना. म्हणून फॉर्म भरला."

त्यांना सर्दी नव्हती. दोन वर्षं या माणसाला सर्दी नव्हती आणि मी खिडकीला जाळी बसवायच्या गोष्टी करत होते. हे माझे गेले तसे त्यांचेही गेले, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, याची मला लाज वाटली. मी दोन कप चहा केला. त्यांनी तो घेतला.

२७ मार्च

नावाड्याची सगळी वाक्यं कागदावर छापली. पाऊणशे पानं झाली. छापखान्यातली माझी लाल पेन्सिल शोधून काढली आणि पहिल्या पानापासून बसले. मोठमोठ्या लोकांचे लेख कापताना माझा हात कधी अडला नाही. आज पहिल्या पानावर अर्धा तास अडला. मग साखरेची एकशे दहा वाक्यं गेली. चपलेची सगळी गेली. घरातली भांडणं, नदीची नावं, पुलाखालच्या पाट्या, सगळं ह्यांच्या आवाजात ऐकत ऐकत कापलं. हो, ह्यांच्याच. डोक्यातून काढला वगैरे मी कुणाला सांगत होते कोण जाणे.

संध्याकाळी सहाशे उरली. कापलेली पानं मी टाकली नाहीत, कपाटात ठेवलीत. तेवढं चालेल.

२८ मार्च

बाईंना फोन केला. पैसे नकोत म्हटलं, आणि नावाडी कापला म्हणून सांगितलं.

"किती उरला?"

"सहाशे."

"मी हजार म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि पुरात काय होतं त्याचं?"

"नोव्हेंबरात खेळून बघा," मी म्हटलं. त्या हसल्या. बाई वाईट नाहीत. त्या दिवशी ह्यांच्यासाठी ठेवलेल्या त्या खुर्चीवर बसल्या म्हणून मी त्यांच्यावर दात धरून होते, हे आज लिहून टाकते.

२९ मार्च

शेवटचं पान लिहिलं. सकाळी नऊला बसले, चारला उठले.

पूर येतो. घरं जायची ती जातात, ह्यांचे नियम मी बदललेले नाहीत. पण माणसं सगळी घाटावर येतात आणि नावाडी त्यांना पलीकडे नेतो. दोनशे बाराही जण. प्रत्येकाची वाक्यं तिथे, नावेत, पाणी कापता कापता. शिंपी चढण्याआधी मागे जाऊन कुलूप दोनदा ओढून येतो. आजोबा बाराच वाक्यं बोलतात. भाऊजींनी हिशोब केला. बेचाळीस घरांत दोनशे बारा जणांचं येणं-जाणं, कामं, भांडणं उभी करण्यापेक्षा प्रत्येकाला एकदा नावेत बसवणं आठ महिन्यांत बसतं. शेवटच्या खेपेला दादा चढतो. तो म्हणतो, "चल, दुसरं वल्हं मी धरतो," आणि दोघं शेजारी बसतात. खेळणारा मागे राहतो. पाणी उतरेल ते मोजायला कुणीतरी लागतं.

३० मार्च

भाऊजींनी सकाळी शेवटचा भाग जोडला आणि पहिल्यांदा खेळले. मी मागे उभी होते. मग पाय दुखायला लागले म्हणून तिसऱ्या खुर्चीवरचे कागद उचलले आणि तिथे बसले.

नाव सुटते तेव्हा काठावरून खेळणाऱ्याला एकच प्रश्न विचारता येतो. परत येणार का?

त्या दिवशी सकाळी मी ह्यांना दारातून हेच विचारलं होतं. संध्याकाळी लवकर येणार का? म्हणाले, बघू. दहा वाजता पुलाच्या पायऱ्यांवर छातीत कळ आली. त्या एका "बघू"वर मी अडीच वर्षं बसून होते. जो बघू म्हणून गेला तो अजून यायचा असतो, असं काहीतरी माझ्या मनाने धरलं होतं.

भाऊजींनी प्रश्नावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दाबलं.

नावाड्याने कान खाजवला.

"नाही," तो म्हणाला.

नाव पलीकडे गेली. खाली इस्त्री आदळत होती. आम्ही दोघंही रडलो, आणि या वेळी कुणी जिन्यात गेलं नाही.

मग भाऊजींनी कंपनीला नकार कळवला, आणि उठून चहाचे कप विसळायला घेतले.